तिसरी खुंटी

आमच्या सेलूच्या घरात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीत सागाच्या तीन खुंट्या होत्या. पहिलीवर बाबांची टोपी आणि मापाचा टेप असायचा. दुसरीवर शिवायला आलेल्या कपड्यांची बोचकी. तिसरी बहुतेक रिकामी असायची, आणि ती रिकामी असली की घरात सगळं ठीक आहे असं आम्ही समजायचो. शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आधी माझी नजर तिकडे जायची. तिच्यावर कधी तुळशीची माळ दिसायची. मग मी दप्तरासकट मागच्या अंगणात जायचे. तिथे माय तुरीच्या काड्या मोडत चुलीपुढे बसलेली असायची. ती माझ्याकडे न बघताच म्हणायची, "पायलं का?" मी म्हणायचे, "हाव." एवढंच बोलणं.

बाबा शिंपी होते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिच्यात एक पायमशीन, एक लाकडी फळी, कोळशाची इस्त्री आणि भिंतीला एक आरसा, ज्यात माणूस छातीपर्यंतच दिसायचा. काज-बटणं माय करायची, तुरपाई मी करायचे. मला आठवतं तेव्हापासून आमचं घर मशीनच्या आवाजावर चालत होतं. बाबा नीट असले की मशीन लांब लांब धावायची, मध्येच थांबायची, पुन्हा धावायची. ते नीट नसले की ती अडखळायची, दोरा तुटायचा, मग बराच वेळ सामसूम. माय भाकर थापता थापता कान तिकडे ठेवायची. तव्यावरची भाकर करपली तर समजावं की पुढच्या खोलीतली सामसूम फार लांबली आहे.

जिल्ह्यात दारूबंदी होती. म्हणजे दारू दुकानात मिळत नव्हती, नाल्याच्या पलीकडे मिळत होती. मोहाची, मातीच्या मडक्यातली. बाबा तिकडे पहिल्यांदा कधी गेले, कशापायी गेले, हे मला माहीत नाही. पुढे मी शिकले, शाळेत शिकवलं, लोकांच्या मुलांना निबंध लिहायला लावले, आणि प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं फळ्यावर लिहूनही दाखवलं. बाबांच्या पिण्याचं कारण मात्र मला कधी सापडलं नाही. त्यांना काही मोठं दुःख नव्हतं. ते मारत नव्हते, शिवी देत नव्हते. पिऊन आले की भिंतीला टेकून बसायचे आणि सगळ्यांची माफी मागायचे; मायची, माझी, एकदा तर दारात बसलेल्या कुत्र्याची. ती माफी ऐकायचा आम्हाला इतका कंटाळा आला होता की माय म्हणायची, "त्यापरीस दोन शिव्या द्या, पण चूप बसा."

गळ्यात माळ मामांनी घालायला लावली होती. आमच्याकडे माळ घेतली की दारू आणि मटण दोन्ही सुटलं पाहिजे, हा नेम लहान पोरालाही माहीत असतो. मारुतीच्या देवळात भजन चालवणारे डोमाजी बुवा होते. त्यांची जवसाच्या तेलाची घाणी होती; त्यांच्या धोतराला, दाढीला, अगदी त्यांच्या टाळांनाही जवसाचा वास यायचा. त्यांच्या हातून बाबांनी माळ घेतली आणि तीन महिने ती पाळली. नंतर त्यांना एक वाट सापडली. जायचं असलं की ते माळ काढायचे, कपाळाला लावायचे, तिसऱ्या खुंटीवर टांगायचे आणि नाल्याकडे जायचे. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पुन्हा गळ्यात.

माय टोमणा मारायची, "देवाले खुंटीले टांगून जाता. त्याले तहान लागत नसन का?"

बाबा मनापासून दुखावले जायचे. "माळ गळ्यात असताना एक थेंब नाई गेला माह्या घशात. इमानानं सांगतो."

आणि ते खरं होतं. आज हसू येतं, तेव्हा येत नसे. त्या खुंटीमुळे त्यांचा नेम कधी मोडलाच नाही, आणि दारूही सुटली नाही.

मी दहावीत गेले त्या उन्हाळ्यात समुद्रपूरकडच्या एका नवरदेवाचा कोट आमच्याकडे शिवायला आला. लोकरीचं काळं कापड, विदर्भातल्या उन्हात ते घालणार कसं हे त्याचं तोच जाणे, पण कोट हवा होता. तिसऱ्या खुंटीवर त्या आठवड्यात माळ बरेचदा दिसली होती. कापड दुहेरी घडी घालून कापलं असतं तर डावी आणि उजवी बाही आपोआप निघाली असती. ते तोकडं पडेल म्हणून बाबांनी एकेक बाही सुटी कापली, आणि दुसरी कापताना बाहीच्या मापाचा कागद उलटा करायला विसरले. माय काज करायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने दोन्ही बाह्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि पुन्हा पुन्हा फिरवून बघितल्या. दोन्ही डाव्या हाताच्या होत्या.

तसं कापड गावात कुठे मिळेना. नवरदेवाचे काका आले तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मास्तर, आमचा पोरगा एकच हाय, हात दोन हायेत. एक डावा, एक उजवा. माप घेतानी पायलं नवतं का?" दारात जमलेली माणसं हसली. नंतर कितीतरी दिवस बाजारात कुणीतरी बाबांना डावा हात वर करून रामराम करायचं.

काका येऊन गेले त्या दिवशी बाबांनी माळ खुंटीवर टांगली नाही. कागदात गुंडाळली आणि डोमाजी बुवांकडे परत द्यायला निघाले. ते नाल्याकडे न वळता खरंच तिकडे जातात की नाही हे बघायला मायने मला सोबत पाठवलं. दुपारची वेळ होती. घाणीचा बैल डोळ्यांवर झापड बांधून फिरत होता आणि बुवा त्याच्यामागे चालत होते.

"ही घ्या," बाबा म्हणाले. "मी याच्या लायकीचा नाई."

बुवा चालतच राहिले. एक फेरा पुरा झाला, आमच्यासमोर आले तेव्हा म्हणाले, "माळ परत घ्यायचा धंदा नाई माहा."

"मंग काय करू?"

दुसरा फेरा. "काढाचीच असन तं काढ. कोन नाई म्हनते? पन खुंटीले टांगू नोको. खुंटीले डोये नसतात. या पोरीच्या हातात दे, आन् जा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मी पंधरा वर्षांची होते. मला राग आला. मी म्हटलं, "मी काय करू मंग ते घेऊन?"

बुवांनी बैल थांबवला. "तू काई करू नोको, बाई. त्याले बोलू नोको, रडू नोको, बाहेर कोनाले सांगू नोको. तो आंघोळ करून मागन, तवा देजो. कवाही मागो, देजो. हे तुह्यानं होईन का?"

मी हो म्हटलं. सोपं वाटलं होतं.

पहिल्यांदा ती वेळ आठ दिवसांनी आली. मी फळीवर वही ठेवून भूमितीचं प्रमेय सोडवत होते. बाबा येऊन शेजारी उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग त्यांनी माळ काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ती घामाने ओलसर, अंगाच्या उबेने कोमट होती. ते गेले. मी मूठ मिटून बसून राहिले. प्रमेय काही सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी ओल्या केसांनी त्यांनी हात पुढे केला, मी माळ दिली. 

असं पुष्कळदा झालं, आणि मला ते ओझं वाटू लागलं. मैत्रिणीकडे जाऊन बसावं तर मनात यायचं, बाबा मला शोधत असतील का? मी घरी नसले तर ते थांबायचे. हे मला मायने सांगितलं. एकदा मी शाळेच्या सहलीला पवनारला गेले होते, तर ते दुपारभर दारात बसून राहिले, हात गळ्याशी, आणि मी परत येईपर्यंत त्यांची ती वेळ टळून गेली होती. हळूहळू दोन वेळांमधलं अंतर वाढत गेलं. कधी हात गळ्यापर्यंत जायचा, मी समोर दिसायचे, हात खाली यायचा आणि मशीन सुरू व्हायची. पोळ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत माळ एकदाही माझ्या हातात आली नाही. मायने त्या दिवाळीत बेसनाच्या पाटोड्यांचा रस्सा केला, तर्रीदार, लसणाचा वास गल्लीभर. बाबा चार भाकरी जेवले. माय त्यांच्या ताटाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा थकवा जास्त होता. खूप चालून आलेल्या माणसाला बसायला सांगावं आणि त्याला बसायचंही त्राण नसावं, तसा.

आमच्या घराण्यात मॅट्रिकला बसणारी मी पहिलीच. परीक्षेचं केंद्र वर्ध्याला होतं, मुक्काम मामांकडे. बाबा मला एसटीच्या मोटारीने पोहोचवणार होते. त्यांनी माझ्यासाठी दोन नवी पोलकी शिवली होती, आणि मला न सांगता एकाच्या आत छोटा खिसा केला होता, पेन्सिल ठेवायला. निघायच्या आदल्या दिवशी मी पेटी भरत होते, आणि ते येऊन उभे राहिले.

मी वर बघितलं नाही. मला समजलं होतं. त्यांनी माळ माझ्या हातावर ठेवली.  मी ती घेतली, नेमच तसा होता. सकाळी मोटारीची वेळ झाली तरी ते आले नव्हते. माय माझ्यासोबत आली. तिने आयुष्यात कधी एकटीने मोटारीत पाय ठेवला नव्हता. वर्ध्यापर्यंत ती समोरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती, आणि मला सोडून त्याच मोटारीने परत गेली. माळ मायजवळ द्यायची असं माझ्या मनात आलं होतं. दिली नाही. कंपासपेटीत ठेवली आणि सोबत नेली. विसरले असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. विसरले नव्हते.

दुसऱ्या पेपरच्या दिवशी केंद्राच्या फाटकापाशी बाबा उभे होते. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. सेलूहून पायी आले होते. केस ओले करून नीट विंचरलेले. वाटेत कुठल्यातरी विहिरीवर आंघोळ केली असावी. हातात फडक्यात बांधलेली शिदोरी.

"शकू," ते म्हणाले, "माळ दे माय."

आजूबाजूला मुलं होती, वर्ध्याच्या शाळांतल्या मुली होत्या, इस्त्रीच्या परकरातल्या. त्या बघत होत्या. कंपासपेटी माझ्या हातातच होती, मला ती फक्त उघडायची होती.

"नाई देत," मी म्हटलं.

"आंघोळ केली मी. पाह्य ना, केस अजून..."

"नाई देत म्हटलं ना! खुंटीले मागा."

 घंटा झाली. मी आत गेले. पेपर बरा गेला, आणि याचीच मला पुढे जास्त लाज वाटली. बाहेर आले तेव्हा शिपायाने शिदोरी हातात दिली. "तुझे वडील ठेवून गेले." ज्वारीची भाकर होती, तिखटाचा भुरका होता, आणि वर एक कांदा. मायच्या हातचं होतं. मी ते झाडाखाली बसून सगळं खाल्लं. भूक लागली होती. भूक कशालाच जुमानत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

परीक्षा संपवून घरी आले तेव्हा घराचा आवाज गेला होता. मशीनवर चादर टाकलेली. बाबा वर्ध्याहून परत आले ते थेट नाल्याकडे गेले, आणि तेव्हापासून रोज जात होते. आता काढायलाही काही नव्हतं आणि मागायलाही. पूर्वी ते रात्र संपली की परत यायचे, कारण सकाळी आंघोळ करून हात पुढे करायचा असायचा. ती सकाळच मी काढून घेतली होती. माय मला एका शब्दाने बोलली नाही. कण्या शिजवल्या, ताक घातलं, वाटी माझ्यापुढे सरकवली, आणि म्हणाली, "तुह्या बाबाले बारीक ताप हाय. खात नाई काई."

मी बुवांकडे गेले. सगळं सांगितलं, फाटकातलंसुद्धा. ते मला रागावतील अशी माझी फार इच्छा होती.

"आता मागत नाई का तो?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग तुले त्याच्यापुढी उभं रावा लागन. रोज सकाळी. हातात माळ घेऊन. त्यानं घेतली तं घेतली, नाई घेतली तं दुसऱ्या दिवशी पुन्हा."

"किती दिवस?"

"मले काय मालूम? माहा गांजा सुटाले माही माय तीन वर्स उभी होती."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सगळं गाव ज्यांच्या पाया पडत होतं त्या बुवांबद्दल हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "त्यायचा भरवसा होता का तुमच्यावर?"

बुवा हसले. दात थोडेच उरले होते. "भरवसा कायचा वो! ती तं म्हने, हा मेला सुटत नाई. पन सकाय झाली का उभीच."

दुसऱ्या दिवसापासून मी उभी राहू लागले. बाबा दारूच्या वासात, भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मी हात पुढे करायचे. ते "नोको" म्हणायचे, किंवा काहीच म्हणायचे नाहीत. एकदा चिडून म्हणाले, "काऊन उभी राह्यते? जा, पोरीची जात, तुह्या कामाले लाग." एकदा रडले. मी देवाचं काही म्हणत नव्हते. खरं सांगायचं तर मला देव आठवतही नव्हता; हात दुखायचा, आणि हे सगळं खोटं आहे असं रोज वाटायचं. माणसं श्रद्धेबद्दल बोलतात तेव्हा तिच्यात काहीतरी तेज असल्यासारखं बोलतात. माझ्या वाट्याला आलेली श्रद्धा म्हणजे अवघडलेलं मनगट. आता मी राहते त्या बोरगावात आमच्या गल्लीतली एक सून नवऱ्यापायी माझ्याकडे येऊन बसते, मावशी काहीतरी सांगा म्हणते. मी तिला दवाखान्याचा पत्ता देते, औषध चुकवू नको म्हणते. आणि सकाळचं सांगते. याहून जास्त मला काही कळलेलं नाही.

मी किती सकाळी उभी होते ते मोजलं नाही. निकाल यायच्या थोडं आधी, एका सकाळी मी उठले तर बाबा खाटेवर नव्हते. मला वाटलं गेले. मागच्या अंगणात पाण्याचा आवाज आला. माय विहिरीजवळ उभी होती आणि बाबा दगडावर बसून अंगावर पाणी घेत होते, एकेक तांब्या, दोन तांब्यांच्या मध्ये विसावत. उठायला मायने आधार दिला. ते माझ्यापर्यंत आले, दात वाजत होते. त्यांनी हात पुढे केला.

"मागून राह्यलो," ते म्हणाले.

मी माळ दिली. मला माफी मागायची होती, पण आमच्या घरात त्या शब्दाची इतकी नासाडी झाली होती की मी तो तोंडाबाहेर काढला नाही. त्यांना टोपी आणून दिली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. माळ आणखी दोनदा माझ्या हातात आली. एकदा मामा वारले तेव्हा, आणि एकदा काहीच झालेलं नसताना. दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी मी दिली. मग आली नाही. मी वर्ध्याच्या कॉलेजात गेले, बी.ए. झाले. पदवीचा फोटो काढायला बाबांनी मला शिवून दिलेल्या पोलक्याच्या आत तसाच छोटा खिसा होता. फोटोत तो दिसत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी हुंड्याची नाही की मानपानाची नाही, एकच काळजी केली: "आता माळ कोनाच्या हातात देऊ?" माय म्हणाली, "माह्या हातात द्या. पन म्या परत देईन याचा नेम नाई." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिच्या हातात द्यायची वेळ त्यांनी कधी आणली नाही.

ऐंशीच्या घरात असताना त्यांना खोकला झाला म्हणून मी दवाखान्यात घेऊन गेले. छातीचा फोटो काढायचा होता. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आतून फोटो काढणारा मुलगा म्हणाला, "आजोबा, गळ्यातलं काढून इथे खिळ्याला अडकवा."  दार उघडलं. बाबा सदरा काढलेले, बरगड्या दिसत असलेले, सगळ्यांच्या देखत बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी माळ काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"फोटोसाठी काढून राह्यलो," ते म्हणाले. "दुसऱ्या कायच्यासाठी नाई."

"माहीत हाय, बाबा."

माळ कोमट होती. मणी झिजून अगदी गुळगुळीत झाले होते. ते आत गेले. मी मूठ मिटून बसले. थोड्या वेळाने ते सदऱ्याची बटणं चुकीच्या काजांत घालत बाहेर आले, आणि त्यांनी हात पुढे केला.